एकनाड, लेमूर आणि काकांचा फॉरवर्ड: एका स्थळाची केस

तर केस अशी आहे. माझा मावसभाऊ, वय २९, राहणार कोथरूड, नोकरी हिंजवडीत, नाव सौरभ म्हणू (खरं वेगळं आहे, घरात कळलं तर माझी धडगत नाही). मुलगी चिंचवडची, बी.फार्म, एका औषध कंपनीत क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबला. दोघं दोनदा भेटले, पहिल्यांदा घरच्यांसमोर पोहे वगैरे, दुसऱ्यांदा डहाणूकर कॉलनीतल्या एका कॅफेत दोघंच, आणि तिथे अडीच तास बसले म्हणजे आमच्या दृष्टीने विषय संपला होता. मग पत्रिका निघाल्या. ३६ पैकी २४ गुण, मंगळ नाही, सगळं छान, फक्त एकनाड. नाडीचे ८ पैकी शून्य. मावशीचा चेहरा जो पडला तो दोन दिवस वर आलाच नाही.

त्यात काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी (बँकेतून रिटायर, सकाळी एआरएआयची टेकडी चढून येतात आणि आल्या आल्या दहा फॉरवर्ड टाकतात), फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर पट्टेरी शेपटीच्या प्राण्याचा फोटो, खाली मजकूर असा की माकडंसुद्धा नुसत्या वासावरून समोरच्याचे जीन्स ओळखतात आणि आपल्यासारख्याच जीन्सचा जोडीदार टाळतात, परदेशी शास्त्रज्ञांनी हे आत्ता सिद्ध केलं, आपल्या ऋषीमुनींनी याला एकनाड म्हटलं होतं, पुढे पाठवा. दहा मिनिटांत सात नमस्कार आले. अकराव्या मिनिटाला मावशीचा मला फोन. मी कॉलेजात झूलॉजी शिकवते, म्हणून घरात माकडापासून झुरळापर्यंत सगळं माझ्याकडे येतं.

"अगं, हे खरंय का? खरं असेल तर आपण नाही म्हणून मोकळं होऊ."

अडचण अशी होती की फॉरवर्डमधली अर्धी गोष्ट खरंच खरी होती. पूर्ण थाप असती तर दोन ओळींत उडवली असती. रविवारी मावशीकडे गेले, लॅपटॉप घेऊन, आणि सौरभने आगाऊपणा करून त्या मुलीलाही बोलावून घेतलं होतं. तिचं म्हणणं, माझ्या लग्नाचं माकडावरून ठरणार असेल तर मला माकड बघायचंय. मला ती तिथेच आवडली.

आधी फोटोतला प्राणी

ते माकड नव्हे, तो लेमूर. मूळचा मादागास्करचा. फोटोतला होता रिंग-टेल्ड लेमूर, शास्त्रीय नाव लेमूर कट्टा, आणि नावाला जागून हे लोक सकाळी उन्हात हातपाय पसरून कट्ट्यावर बसल्यासारखे बसतातही (नावाचा आणि आपल्या कट्ट्याचा संबंध नाही हे सांगून टाकते, नाहीतर उद्या तोही फॉरवर्ड येईल). लेमूर आणि आपल्या दक्षिण भारतातला लोरिस, म्हणजे मोठ्या डोळ्यांचा छोटा निशाचर प्राणी, हे प्रायमेट्सच्या, म्हणजे माकडं आणि माणसं ज्यात येतात त्या गटाच्या, एका जुन्या फांदीवरचे. या फांदीचं नाक कुत्र्यासारखं ओलं असतं आणि त्यांचं बरंच जग त्या नाकातून चालतं. लोरिस तर स्वतःच्या हातापायांना लघवी चोळून फांद्यांवर सही करत फिरतो.

रिंग-टेल्डमध्ये बायकांचं राज्य. माद्या जन्मलेल्या कळपातच राहतात, नर मोठे झाले की घर सोडून दुसऱ्या कळपात जातात. नराच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक गंधग्रंथी असते, तिच्यावर नखासारखा टोकदार काटा, त्याने तो झाडाच्या सालीला ओरखडे काढतो आणि त्या ओरखड्यात वास भरतो. खांद्याजवळ अजून एक ग्रंथी. दोन नरांचं भांडण झालं की दोघं आपापली शेपटी या मनगटांमधून ओढून घेतात, वास नीट माखतात आणि मग ती शेपटी एकमेकांकडे फडकवत उभे राहतात, जो आधी मागे हटला तो हरला. शेपटी घासण्याचा हा कार्यक्रम सौरभने करून दाखवला, टॉवेल घेऊन. मावशी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

आणि नर-मादी दोघांच्याही जननेंद्रियांजवळ ग्रंथी असतात. आपली केस तिथल्या वासाची आहे, म्हणून काकांसमोर बोलायला जरा अवघड गेलं पण इलाज नव्हता.

आता या प्राण्याला जोडीदार निवडायला वेळ किती असतो बघा. मादी वर्षातून साधारण एकदाच माजावर येते आणि तेही एका दिवसाच्याही आत संपतं. वर्षभरात काही तास! तिथे चुकीचा निवडला, सख्ख्या भावासारखा जवळचा निघाला, तर पुढच्या पिल्लाचं नुकसान. म्हणून वासातच बायोडाटा असेल तर दोघांचाही फायदा.

बायोडाटा खरंच असतो का

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या डरहम गावात ड्यूक विद्यापीठाचं लेमूर सेंटर आहे, १९६६ पासूनचं. तिथे क्रिस्टीन ड्रिया आणि त्यांच्या टीमने या वासांवर वर्षानुवर्षं काम केलंय. पद्धत ऐकायला साधी आहे. ग्रंथीवर कापसाचा बोळा फिरवायचा, त्यातला वास गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मशीनमध्ये घालायचा, मशीन त्यातली संयुगं वेगळी करून आलेखावर प्रत्येकाचं एकेक शिखर काढून देतं. मी हे सांगायला लागले आणि मुलगी म्हणाली, "ताई, हे मी रोज करते, आमच्याकडे सॉल्व्हंट तपासायला." मग पुढचं मशीनचं सगळं तिनेच सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं, आणि काका तिला दोन प्रश्न विचारून बसले. मी गप्प बसून चहा प्यायले.

दुसरीकडे त्याच प्राण्यांचं रक्त घेऊन डीएनए बघायचा. तुम्हाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बाबांकडून. दोन्ही प्रती वेगवेगळ्या असलेल्या जागा जितक्या जास्त, तितकं तुमचं जनुकीय वैविध्य जास्त, याला हेटरोझायगॉसिटी म्हणतात. आईबाप जवळचे नातेवाईक असतील तर सारख्या प्रती वाढतात. आणि हे नुसतं कागदावरचं नाही, याच सेंटरमधल्या लेमूरमध्ये दिसलं की वैविध्य कमी असलेल्यांवर परजीवींचा भार, प्रतिकारशक्ती, जगण्याची शक्यता या सगळ्यातच फरक पडतो.

मग २००८ मध्ये या टीमने दोन्ही जोडून बघितलं आणि नरांच्या वासाची रासायनिक घडण त्यांच्या जनुकीय वैविध्याशी आणि एकमेकांच्या नात्याशी जुळते असं निघालं, खास करून विणीच्या हंगामात. म्हणजे दोन नर जितके नात्यातले तितका त्यांचा वास जवळचा. माद्यांच्या वासातही पुढे हेच सापडलं. आणि मशीनला फरक कळला म्हणजे लेमूरला कळलाच असं नाही ना, म्हणून त्यांनी लाकडी दांड्यांना वास लावून त्या लेमूरसमोर ठेवल्या आणि कोण किती हुंगतंय, चाटतंय, वर आपली खूण करतंय ते मोजलं. त्यांना कळत होतं.

काका इथे खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे मी म्हणतो तेच!"

थांबा म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी काकांच्या बाजूने बोलले. आपल्याकडे सगोत्र टाळायची जी चाल आहे तिच्यामागे नात्यातलं लग्न नको हा विचार दिसतोच. पण गोत्र फक्त बापाकडून मोजतात, त्यामुळे मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची ठरते आणि आपल्याकडे कित्येक घरांत ती हक्काने करतात. लेमूरच्या नाकाला आईकडचं बाबांकडचं असं काही नसतं. एवढं आपल्या पंचांगाला झेपत नाही.

जिथे केस फिरली

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते २०११ चं काम, आणि काकांचा फॉरवर्ड तिथेच मोडतो.

प्राणिसंग्रहालयात किंवा अशा सेंटरमध्ये प्राण्यांची संख्या आवरायला माद्यांना गर्भनिरोधक देतात. ड्यूकमध्ये काही माद्यांना मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं हॉर्मोनचं औषध दिलेलं होतं. (मुलगी लगेच, "म्हणजे अंतरा इंजेक्शन!" बरोबर, सरकारी दवाखान्यात बायकांना तीन महिन्यांनी देतात तेच औषध.) टीमने या माद्यांचे वास आणि औषध न दिलेल्या माद्यांचे वास शेजारी शेजारी ठेवले. औषधवाल्यांचा वास इतका बदललेला की त्या वेगळ्याच ओळखू येत होत्या. वर प्रत्येकीची स्वतःची जी वासाची सही असते ती पुसट झालेली, सगळ्या एकमेकींसारख्या वासाच्या. आणि जनुकीय वैविध्याचा, नात्याचा जो निरोप वासात असायचा तो गेलेला. नरांनी त्या वासात रसच कमी घेतला.

जनुकं तीच होती बरं का. डीएनएचं एक अक्षर बदललं नव्हतं. फक्त हॉर्मोन बदललं आणि बायोडाटा कोरा झाला.

म्हणजे हा निरोप जिवंत शरीर आज, आत्ता, खर्च करून बनवतं. म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो, आणि म्हणूनच तो बिघडूही शकतो. जखमी लेमूरचं बघा, जखमेच्या काळात वास तयार करण्यात शरीर कमी पडतं, वास फिका होतो, आणि दुसऱ्या नरांना ते लगेच कळतं, जखमी गड्याच्या वासासमोर ते जास्त दादागिरी करतात. जपानमध्ये तोक्यो विद्यापीठाच्या टीमला २०२० मध्ये दिसलं की नराच्या मनगटाचा एरवी कडवट येणारा वास विणीच्या हंगामात गोडसर, फळाफुलांसारखा होतो, त्यातली अल्डिहाइड्स नावाची तीन वासाची संयुगं टेस्टोस्टेरॉनबरोबर, म्हणजे नराच्या हॉर्मोनबरोबर, वाढतात आणि माद्या तो वास जास्त वेळ हुंगतात, तेही फक्त हंगामात. (एक अजून, गाभण मादीचा वास पोटात नर पिल्लू आहे की मादी यावरूनही वेगळा असतो. लेमूरांना गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा लागू नाही.)

आता याच्या शेजारी नाडी ठेवा, मी काकांना म्हटलं. २७ नक्षत्रं, त्यांचे तीन गट, आद्य, मध्य, अंत्य, प्रत्येकी ९. तुम्ही जन्मलात तेव्हा चंद्र ज्या नक्षत्रात त्यावरून तुमची नाडी. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे ससूनला त्या दिवशी जन्मलेली जवळपास सगळी पोरं एकाच नाडीची, मग आईबाप मंचरचे असोत की मणिपूरचे. उलट सख्खे दोन भाऊ, निम्मी जनुकं सारखी, पण त्यांच्या नाड्या वेगळ्या असू शकतात. आणि तीनच गट असल्यावर वाटेल त्या दोन अनोळखी माणसांची एकनाड निघायची शक्यता साधारण तीनात एक! यात आईचं काही नाही, बाबांचं काही नाही, फक्त चंद्राचं टाइमटेबल आहे. लेमूरच्या वासाशी याची तुलना म्हणजे एखाद्याचा आजचा ब्लड रिपोर्ट आणि तो जन्मला त्या दिवशीचं कॅलेंडर एकच आहे म्हणण्यासारखं.

काका सहजी हरणारे नाहीत. "अगं पण एकनाड म्हणजे एकच रक्तगट, हे तर डॉक्टरपण सांगतात." हे पुण्यात मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ आहे. सौरभ ओ पॉझिटिव्ह, मुलगी बी पॉझिटिव्ह, तरी एकनाड. आणि तुम्ही आणि मावशी दोघं ओ पॉझिटिव्ह, नाडी वेगळी, संसाराला ३१ वर्षं झाली. रक्तगट एक असल्याने काही होतही नाही, लक्ष द्यायचं ते आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर, आणि त्यालाही अँटी-डीचं इंजेक्शन आहे. यावर काका आत जाऊन बाकरवडीचा डबा घेऊन आले, ती त्यांची तहाची पद्धत.

मग माणसाचं काय

हा प्रश्न सौरभचा. मँड्रिल म्हणून रंगीत तोंडाचं मोठं माकड असतं आफ्रिकेत, लेमूरपेक्षा ते आपल्या बरंच जवळचं. त्यांच्या छातीवर गंधग्रंथी असते आणि गॅबनमध्ये जोआना सेचेल यांच्या टीमला दिसलं की त्यांचा वास एमएचसी नावाच्या जनुकांशी जुळतो, आणि पिल्लं बघितली तर एमएचसी वेगळी असलेल्या नर-मादीची जोडी जमण्याकडे कल आहे. एमएचसी म्हणजे शरीरातला आपला-परका ओळखणारा विभाग, माणसात त्याला एचएलए म्हणतात, बोन मॅरो देताना जे जुळवतात तेच. गंमत बघा, बोन मॅरोला जुळायला हवं आणि मँड्रिलच्या संसाराला न जुळलेलं बरं, कारण आईबापांचं वेगळं असेल तर पिल्लाला जास्त प्रकारचे रोगजंतू ओळखता येतात.

माणसात १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नला क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालून झोपायला लावलं आणि ४९ बायकांना ते टी-शर्ट हुंगायला दिले. आपल्यापेक्षा वेगळ्या एचएलएवाल्याचा वास त्यांना जास्त बरा वाटला, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये उलटं निघालं. या टी-शर्टवर जगभर लेख छापून आलेत आणि फॉरवर्डची आजी हीच. पण पुढच्या अभ्यासांत कुठे असं निघालं, कुठे तसं, आणि २०२० मध्ये सगळे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा माणसांसाठी ठोस असा परिणाम उरला नाही. मला स्वतःला वाटतं की आपलं नाक याबाबतीत अगदीच मुकं नसावं, पण लग्न ठरवण्याइतकं बोलकंही नाही. ज्या अवयवाने लेमूर असे निरोप टिपतो तो नाकातला वोमेरोनेझल अवयव आपल्यात नुसता नावाला उरलाय.

मावशी इतका वेळ ऐकत होती, ती म्हणाली, "म्हणजे बघायचं ते बघायचंच नाही का काही?"

बघायचं ना. मी तिला थॅलेसेमियाचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, सांगितलं. मायनर, म्हणजे त्याच्या जनुकाची एकच प्रत बिघडलेला माणूस ठणठणीत असतो, नाकाला कळत नाही, पत्रिकेला कळत नाही, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी म्हणून लोहाच्या गोळ्या खात बसतो. पण दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५% शक्यता की बाळ थॅलेसेमिया मेजर होईल, आणि मेजरला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. यासाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी असते, एका सुईचं काम. लग्नाच्या हॉलच्या ॲडव्हान्सपुढे तिचा खर्च काहीच नाही.

दोघांनी केली. पौड रोडच्या एका लॅबमध्ये, बुधवारी सकाळी ऑफिसला जाताना. मुलगी मायनर निघाली.

मावशीच्या घरात त्या दिवशी परत शांतता. तिच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं, लहानपणापासून तिला अशक्त म्हणून खजूर खायला घालत होते. मग सौरभचा रिपोर्ट आला, नॉर्मल. एक मायनर, एक नॉर्मल, म्हणजे मूल मेजर होत नाही, फार तर मायनर होईल, आईसारखं. हे डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून समजावलं, तो कागद मावशीने देवघरात पत्रिकांच्या खाली ठेवलाय, का ते तिलाच विचारा.

मुलीच्या धाकट्या भावाचीही आता तपासणी झालीय, तोही मायनर, त्याच्या स्थळांना आधीच सांगायचं ठरलंय. नाडीचं म्हणाल तर मावशीने गुरुजींना विचारून एक शांत उरकून घेतली, एक दुपार गेली, पुरणपोळी झाली, मी वाद घातला नाही.

साखरपुडा परवा झाला, कर्वेनगरला एका छोट्या हॉलमध्ये. दारात काका स्वतः उभे होते, रविवार पेठेतून आणलेली हिना अत्तराची कुपी घेऊन, येईल त्याच्या हाताला लावत. मी हात पुढे केला तर म्हणाले, "मागे नको, इकडे आतून घे," आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला कुपीचं टोक ओढलं. मग स्वतःची दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली, हुंगली, आणि आत जाऊन सौरभच्या सासऱ्यांच्या शेजारी ताठ बसले.